घरचा रियाज नेमका कुठे चुकतो: षड्जापासून तानेपर्यंत एका तासाचा क्रम

क्लासमध्ये गुरूंसमोर बरा लागणारा सूर घरी चार दिवस घोटून आणल्यावर बिघडलेला असतो, ही तक्रार फार ऐकू येते. मेहनत कमी पडते असं नाही. क्रम उलटा झालेला असतो: तानपुरा नीट लागलेला नसतो, षड्ज (आधाराचा ‘सा’) दोन मिनिटांत उरकला जातो आणि पलटे (ठरावीक क्रमाने म्हणायचे स्वरांचे गट) थेट दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात, सुरू होतात. गळ्याला चूक-बरोबर कळत नाही, जे वारंवार म्हणाल ते पक्कं होतं. नीचा (किंचित खाली) लागणारा निषाद (नी) पन्नास वेळा म्हटला, तर नीचाच निषाद बसतो आणि तो उठवायला पुढे कित्येक महिने जातात.

खाली दिलेला क्रम हिंदुस्तानी गायन शिकणाऱ्या, साधारण प्रवेशिका ते मध्यमा (गायनाच्या सुरुवातीच्या ते मधल्या परीक्षा) पातळीच्या विद्यार्थ्यांसाठी एका तासाचा आहे. तुमच्या गुरूंनी वेगळा क्रम सांगितला असेल तर तोच पाळा. मात्र प्रत्येक टप्प्यावरच्या तपासण्या तेव्हाही कामाला येतील.

१. बसण्याआधीची तयारी

जेवणानंतर किमान दीड-दोन तास जाऊ द्या. पाणी रियाजाच्या आधी अर्धा तास प्या आणि मध्येही घोट-घोट घेत राहा. अगदी गार नको. लवंग, खडीसाखर, ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटतं, पण थकलेला आवाज त्याने दुरुस्त होत नाही. लवंग चघळून तासभर जोर लावणं हा सरळ धोका आहे.

मांडी घालून बसत असाल तर बैठकीखाली दोन-तीन इंच जाडीची घडी घातलेली सतरंजी किंवा चादर घ्या. कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर राहिली की पाठ आपोआप सरळ होते आणि पोट मोकळं राहतं. गुडघे दुखत असतील तर बिनहाताच्या खुर्चीच्या पुढच्या कडेवर, दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसा. हनुवटी जमिनीला समांतर हवी. वही जमिनीवर ठेवून मान खाली घालून गाणं ही फार सर्रास दिसणारी चूक आहे. वही डोळ्यांच्या उंचीला ठेवा. त्याहून बरं म्हणजे पलटा पाठ करा आणि वही मिटा.

समोर एक छोटा आरसा असू द्या. पुढे तो लागणार आहे.

२. पट्टी ठरवणे

पट्टी म्हणजे आपला ‘सा’ पेटीच्या कोणत्या स्वरावर धरायचा ते. मैत्रिणीची पट्टी काळी पाच म्हणून आपलीही तीच, असं करू नका. मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम (प) ऐकू येईल इतका लागावा आणि तार (वरच्या सप्तकातला) गंधार (ग) ताण न देता टिकावा, अशी पट्टी निवडा. पुरुषांची बहुधा पांढरी एक ते काळी दोनच्या दरम्यान बसते, स्त्रियांची पांढरी पाच ते काळी पाचच्या दरम्यान. मोबाइलच्या तानपुऱ्यात इंग्रजी अक्षरं असतात: काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, पांढरी चार एफ, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प.

एकदा ठरली की निदान सहा महिने पट्टी बदलू नका. रोज आवाज कसा आहे ते बघून पट्टी हलवली, तर षड्जाची जागा गळ्यात कधीच बसत नाही. अपवाद वयात येणाऱ्या मुलांचा. साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या काळात आवाज फुटतो. तेव्हा पट्टी खाली घ्यावी लागते, तार सप्तक पूर्ण सोडावं लागतं, आणि ते गुरूंना विचारून करायचं.

३. तानपुरा लावणे (५ मिनिटं)

चार तारांमध्ये पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या (मध्य ‘सा’च्या), चौथी खर्जाची (खालच्या ‘सा’ची). लावताना मात्र क्रम वेगळा:

- आधी जोडीची एक तार पट्टीला मिळवा.
- दुसरी जोड पहिलीशी मिळवा. दोन्ही एकत्र वाजवल्यावर ‘वाँव-वाँव’ अशी लहर येत असेल तर फरक आहे. लहर संथ होत होत थांबली की तारा जुळल्या.
- मग खर्ज.
- शेवटी पंचम.
- खुंटीने जवळ आणा आणि मण्याने नेमकं करा. जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली असतो, झंकार आणतो) सगळ्यात शेवटी हलवा. आधी दोरा बसवून मग खुंटी फिरवली, तर झंकार पुन्हा बिघडतो.

पंचमाची तार मधल्या बोटाने, बाकी तीन तर्जनीने छेडा. गाण्याच्या लयीत तानपुरा वाजवू नका. पलट्याची लय वाढली की हाताची गतीही वाढते, हा दोष अनेकांच्या लक्षातच येत नाही.

ॲप वापरत असाल तर फोनच्या अंगच्या स्पीकरवर विसंबू नका. त्यातून खर्ज जवळजवळ येतच नाही, उरते ती वरची झणझण. साधासा बाहेरचा स्पीकर जोडा आणि आवाज तुमच्या गाण्यापेक्षा थोडा कमी ठेवा. दोन्ही कानांत इअरफोन घालून गाऊ नका. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही नकळत जोर लावता.

*इशारा:* रियाज हार्मोनियमच्या आधाराने करू नका. पेटीचे स्वर समान अंतरांनी बांधलेले असतात. तिचा शुद्ध गंधार खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो. पेटीबरोबर घोटलेला गंधार तानपुऱ्यावर बसत नाही. पेटीचं काम एवढंच, की नवा पलटा अडला तर एकदा वाजवून बघायचा आणि पेटी बंद करायची.

४. षड्ज (१० मिनिटं)

हाच टप्पा सगळ्यात जास्त उरकला जातो, आणि बाकीचं सगळं याच्यावर उभं असतं.

पहिली दोन मिनिटं काहीही गाऊ नका. तानपुरा ऐका. खर्जाच्या तारेनंतर मागे राहणारा गंधार ऐकू येईपर्यंत थांबा. सुरुवातीला तो ऐकू येत नाही, पण आठवडाभरात येऊ लागतो.

मग श्वास. खांदे वर जाता कामा नयेत, बरगड्यांची खालची बाजू आणि पोट फुलायला हवं. छाती गच्च भरून घेऊ नका. गच्च भरलेला श्वास पहिल्या दोन सेकंदांतच निसटतो आणि स्वराची सुरुवात फुटते. सरावासाठी ‘स्स्स’ असा बारीक, एकसारखा आवाज पंधरा ते वीस सेकंद सोडा. असं चार वेळा. तो मध्येच जाडबारीक होत असेल तर सूरही तसाच हलणार.

आता ‘सा’. मध्यम आवाजात, आठ ते दहा सेकंद. पुढच्या गोष्टी एकेक करून बघा:

- सुरुवात ‘ह्सा’ अशी हवेने होते का? किंवा घशाला झटका देऊन? दोन्ही नको. स्वर जागेवरच सुरू झाला पाहिजे. खालून ओढत वर नेणं हा फार चिवट दोष आहे.
- श्वास संपत आला की स्वर खाली सरकतो का? मग आठऐवजी सहा सेकंदच धरा. उतरलेलं शेपूट रोज म्हणत राहिलात तर तेही पक्कं होतं.
- आवाज तानपुऱ्यात मिसळतो का? सूर अगदी बरोबर लागला की आपला आवाज वेगळा काढून दाखवता येत नाही. थोडा जरी हलला तर तीच ‘वाँव-वाँव’ लहर ऐकू येते.

‘सा’ स्थिर झाल्यावर तोच स्वर आकारात, म्हणजे ‘आ’ म्हणत. तोंड उभं, दोन बोटं मावतील इतकं उघडा. जीभ सपाट, टोक खालच्या दातांमागे. इथे आरसा बघा: भुवया चढतात का, मानेच्या शिरा फुगतात का, ओठ एका बाजूला जातात का.

*तपासणी:* आकार चालू असताना नाक चिमटीत धरा. आवाज बदलला तर तो नाकातून जातोय. मागची पडजीभ उचलली जायला हवी. जांभई येण्याआधी घसा जसा आतून मोकळा होतो तसा ठेवून पुन्हा लावा.

षड्जानंतर लगेच रिषभावर जाऊ नका. सा, प, तार सा हे आधाराचे तीन स्वर आधी लावा, मग गंधार. बाकीचे स्वर त्यांच्यामध्ये बसवायचे.

५. खर्ज (१० मिनिटं, सकाळी)

सकाळी आवाज मुळातच खाली उतरलेला असतो, म्हणून ही वेळ. संध्याकाळी रियाज करणाऱ्यांनी हा टप्पा पाच मिनिटांवर आणला तरी चालेल.

एकेक पायरी खाली जायचं आणि दर वेळी षड्जावर परत यायचं. खाली टिंब म्हणजे मंद्र स्वर:

सा ऩी सा
सा ऩी ध़ ऩी सा
सा ऩी ध़ प़ ध़ ऩी सा

प्रत्येक खालच्या स्वरावर पाच-सहा सेकंद थांबा. स्वरात करकर किंवा घरघर सुरू झाली की ती तुमची आजची हद्द. तिथून एक स्वर वर या आणि तिथेच काम करा. हनुवटी छातीकडे ओढून, कंठ दाबून काढलेला जाड आवाज म्हणजे खर्ज नव्हे. तो ऐकायला भारदस्त वाटतो, पण वर आल्यावर त्याच गळ्याला तार सप्तक जड जातं. खर्जात आवाज लहानच असतो. तो मोठा करायचा नसतो.

*तपासणी:* खर्जाहून परत आल्यावर मध्य ‘सा’ पहिल्यापेक्षा मोकळा लागला पाहिजे. घट्ट लागला तर जोर लावला गेला. पुढच्या दिवशी दोन स्वर कमी.

६. पलटे (२० मिनिटं)

पंधरा पलटे एकेकदा म्हणण्याने फारसं काही हाती लागत नाही. आठवड्याला दोनच घ्या. एका थाटात (सात स्वरांच्या ठरावीक संचात) घोटा आणि मगच दुसऱ्या थाटात न्या. बिलावलनंतर कल्याण, मग भैरव, मग भैरवी असा क्रम बहुतेकांना झेपतो. तोडी त्यानंतर.

नेहमीचा चार स्वरांचा पलटा घेऊ:

आरोह: सारेगम, रेगमप, गमपध, मपधनी, पधनीसां
अवरोह: सांनीधप, नीधपम, धपमग, पमगरे, मगरेसा

पायऱ्या अशा:

अ. लयीशिवाय, सरगमने (स्वरांची नावं म्हणत), प्रत्येक स्वर दोन सेकंद. फक्त सूर बघायचा.

आ. मेट्रोनोम किंवा ठेका ६० वर, मात्रेला एक स्वर. हाताने टाळी द्या. तोंडाने सरगम, हाताने मात्रा, दोन्ही सुटं राहायला हवं.

इ. तोच पलटा आकारात, पण लय ४० वर. इथे बहुतेक जण लय तीच ठेवतात आणि फसतात. सरगमीत स, र, ग ही व्यंजनंच स्वर वेगळे करतात. आकारात तो आधार जातो आणि वेगळेपण गळ्यातूनच आणावं लागतं. लय न उतरवता म्हटलं की चार स्वरांची एक लांब घसरगुंडी होते, किंवा ते तोडण्यासाठी ‘आ-हा-हा-हा’ असा हकार येतो.

ई. सलग तीन वेळा बिनचूक आला तरच लय पाचाने वाढवा. मोडला तर दहाने उतरवा. ६० च्या आसपास मात्रेला दोन स्वर, मग चार.

आता सूर जिथे हमखास घसरतो ती जागा बघा. आकारात ‘मपधनी’ म्हणताना निषाद किंचित खाली राहतो. पुढच्या ‘पधनीसां’मध्ये त्यामुळे तार षड्जही नीचा लागतो, सगळा अवरोह तेवढाच खाली सरकून चालतो आणि शेवटचा ‘सा’ तानपुऱ्याला भिडत नाही. विद्यार्थ्याला वाटतं शेवटचा ‘सा’ चुकला, म्हणून तो तेवढाच दुरुस्त करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चूक पाच सेकंद आधीची असते. अशा वेळी पूर्ण पलटा म्हणत बसू नका. ‘धनीसां, सां’ एवढाच तुकडा दहा वेळा म्हणा, तार षड्जावर थांबून तानपुऱ्याशी मिळवा, आणि मगच पलट्यात परत जा.

भूप घोटणाऱ्यांनीही इथे जपावं. मध्यम-निषाद नसल्याने ग ते प आणि ध ते सां या उड्या मोठ्या आहेत. ‘सारेगप, रेगपध, गपधसां’ म्हणताना धैवत चढतो. ‘प ध प’ आणि ‘सां ध सां’ सुटे करून घ्या.

तालाबद्दल एक गोष्ट. वरच्या पलट्यात आरोह-अवरोह मिळून चाळीस स्वर होतात. मात्रेला एक धरला तर सोळा मात्रांच्या त्रितालाची अडीच आवर्तनं होतात, म्हणजे एकदा म्हटल्यावर तुम्ही समेवर (पहिल्या मात्रेवर) न येता नवव्या मात्रेवर, खालीवर उभे असता. ताल चुकला असं समजून अनेक जण इथे एखादा स्वर लांबवतात. लांबवू नका. दोनदा म्हटला की बरोबर पाच आवर्तनं भरतात. दुगुनीत वीस मात्रा होतात, तेव्हा चारदा म्हणा.

तीन स्वरांच्या पलट्यात, म्हणजे ‘सारेग, रेगम, गमप’मध्ये, वेगळी अडचण येते. मात्रेला दोन किंवा चार स्वर घेतले की मात्रा दर वेळी गटातल्या वेगळ्या स्वरावर पडते. गटाच्या पहिल्या स्वरावर जोर दिला की टाळी तिकडे ओढली जाते आणि लय वाढते. सगळे स्वर समान वजनाने म्हणा, जोर कुठेच नको.

*इशारा:* थाटात सरळ म्हटलेला पलटा रागात तसाच नेता येत नाही. यमनात ‘सारेगम’पेक्षा ‘ऩीरेग’ हे चलन आधी येतं. रागाचे पलटे गुरूंकडूनच घ्या.

७. मींड, गमक, तान (१० मिनिटं)

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, आधी. ‘सा’वरून ‘प’पर्यंत जाताना सुरुवातीचा आणि शेवटचा स्वर ठाम हवा, मधला प्रवास एकसारखा. बहुतेकांचा शेवटचा भाग घाईत जातो आणि पंचम ओलांडून परत यावं लागतं. आधी दोन स्वरांची मींड, मग तीन, मग पाच. उतरत्या मींडेलाही चढत्या मींडेइतकाच वेळ द्या. ती सोपी वाटते म्हणून वगळली जाते.

गमक पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. प्रत्येक स्वर त्याच्या खालच्या स्वराचा धक्का घेऊन उचलायचा, अगदी संथ. धक्का पोटातून यायला हवा. हनुवटीवर एक बोट ठेवा. ते हललं तर ती जबड्याची गमक झाली. ही सवय पुढे तानेत जाते आणि आरशात न बघणाऱ्याला वर्षानुवर्षं कळत नाही.

तान म्हणजे वेगळं काही नाही, घोटलेला पलटाच चौगुनीत. म्हणून ज्या पलट्याचा आकार संथ लयीत साफ नाही त्याची तान करू नका.

*तपासणी:* तान फोनवर रेकॉर्ड करा आणि अर्ध्या गतीने ऐका. प्रत्येक स्वर मोजता आला पाहिजे. मधले दोन स्वर गायब असतील, तर लय वीसने उतरवा.

८. शेवटची पाच मिनिटं

तानेवर रियाज संपवू नका. पुन्हा मध्य षड्ज, आकारात, हलक्या आवाजात. आवाज सुरुवातीला होता तसाच किंवा त्याहून मोकळा असायला हवा. घशात खवखव, टोचणी, किंवा बोलताना खरखर असेल, तर आज कुठेतरी जोर लागला. कुठे ते वहीत लिहा आणि गुरूंना तेच दाखवा. ‘रियाज केला’ यापेक्षा ‘पधनीसां आकारात तार षड्ज खाली राहतो’ हे सांगितलंत, तर क्लासचा वेळ कामी येतो.

अडचणीच्या परिस्थिती

*वेळ वीसच मिनिटं आहे:* आठ मिनिटं षड्ज, बारा मिनिटं एकच पलटा. तान वगळा. रोज वीस मिनिटं ही रविवारच्या तीन तासांपेक्षा निःसंशय चांगली.

*फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचा संकोच:* दबक्या, हवेच्या आवाजात रियाज करणं सगळ्यात वाईट, कारण गळा आवळून गायची सवय लागते. खिडकी लावा, कपड्यांच्या कपाटासमोर बसा आणि मध्यम पण पूर्ण आवाजात गा. मोकळं गाता येणार नसेल, तर त्या दिवशी तोंड मिटून ‘म्’ धरून षड्ज आणि नुसतं तानपुरा ऐकणं, एवढंच करा.

*ऑनलाइन शिकवणी:* परदेशातल्या अनेक मराठी मुलांचं शिक्षण आता असंच चालतं. आवाज पोहोचायला उशीर होतो, त्यामुळे गुरूंबरोबर एकाच वेळी गाता येत नाही. तानपुरा तुमच्या बाजूला लावा आणि गुरूंनी म्हटल्यावर तुम्ही म्हणा. ॲपमधली आवाज गाळण्याची सोय बंद करा किंवा ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. नाहीतर लांब धरलेला षड्ज आणि तानपुरा दोन्ही ॲपला गोंगाट वाटतात, आणि तुमचा स्थिर सूर गुरूंना तुटक ऐकू जातो.

*सर्दी किंवा बसलेला आवाज:* नाक चोंदलेलं असेल पण घसा ठीक असेल, तर मध्य सप्तकात पंधरा मिनिटं चालतात. आवाज बसला असेल तर गाणं पूर्ण बंद, आणि कुजबुजणंही बंद, कारण कुजबुजण्यानेही घशावर ताण येतो. पाण्याची वाफ घ्या. त्या दिवसांत तानपुरा लावून पलटे मनात म्हणा, टाळी देऊन. आवाज दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत झाला नाही, तर काढा बदलत बसू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि आपण गातो हे त्यांना आधीच सांगा.